शेठजी, हे नशीब तुमच्या कारखान्यात तयार होतं

शेठजी,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची आपल्याकडे रीत आहे. मी ती मोडतो. तुमच्याविषयी माझ्या मनात प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं तुम्ही काही केलेलं नाही. तुमचं नावही घालत नाही. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची पुडी वेगळी आणि दोन्ही एकाच टपरीवर एकाच खिळ्याला, हा धंदा जो जो करतो त्यानं हे पत्र आपल्यालाच आलं असं समजावं.

मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. लोक दाढ दुखते म्हणून येतात, कवळी बसवायला येतात, लग्न ठरलं की दात घासून स्वच्छ करून घ्यायला येतात. तुमचं गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या ओळखू येतं. 'आ करा' म्हटलं की तो मान मागे टाकतो, डोळे मोठे करतो, पण तोंड काही उघडत नाही. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. याच्या तोंडात दोन जातात, कधी एकच. गालाचं आतलं अस्तर गुलाबी असायला हवं, ते पांढुरकं आणि ताठ झालेलं असतं. बोट फिरवलं की कातडीखाली दोऱ्या ताणून बांधल्यासारख्या हाताला लागतात. 'तिखट खाता येत नाही, आग होते' हे तो आपण होऊन सांगतो. भाकरी वरणात कुस्करून गिळतो, हे त्याची आई सांगते. वय बावीस, तेवीस.

या दुखण्याला आम्ही सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. ते सुपारीनं होतं. तंबाखू अजिबात नसली तरी होतं. म्हणजे ज्या पुडीवर तुम्ही 'तंबाखू नाही' असं ठसठशीत छापता, त्या पुडीनंही होतं. एकदा ताठ झालेलं अस्तर पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. औषधं, इंजेक्शनं, तोंड उघडण्याचे व्यायाम, क्वचित ऑपरेशन, यांनी थोडीफार सोय होते. आणि अशा तोंडांपैकी काही तोंडांत पुढे काही वर्षांनी कॅन्सर होतो. कुणाच्या होणार हे मला आधी सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकाला दर काही महिन्यांनी परत बोलावतो. निम्मे येत नाहीत. जे येतात त्यांच्यातला एखादा येतो तेव्हा गालावर बाहेरून सूज असते, आणि सोबत आलेले वडील म्हणतात, 'नशिबात होतं, डॉक्टर.'

या एका वाक्यासाठी मी तुम्हाला पत्र लिहितोय. गेली कित्येक वर्षं तुमचा सगळा धंदा या वाक्याच्या आडोशाला उभा आहे.

नशिबाचा हिशेब करू. २०२२ सालचे जागतिक अंदाज असे आहेत: भारतात वर्षभरात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण, ९ लाखांहून जास्त मृत्यू. त्यात ओठ आणि तोंडाचे नवे रुग्ण जवळपास १ लाख ४४ हजार, मृत्यू जवळपास ८० हजार. साऱ्या जगात मिळून या कॅन्सरचे नवे रुग्ण होते सुमारे ३ लाख ९० हजार. जगाच्या लोकसंख्येत आपण पाचव्या हिश्श्याहूनही कमी, आणि तोंडाच्या कॅन्सरात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. जगभरातल्या पुरुषांत पहिला नंबर फुप्फुसाच्या कॅन्सरचा आहे, भारतातल्या पुरुषांत तोंडाच्या. नशीब असं देशांच्या सीमा बघून वाटलं जात नाही, शेठजी. माल वाटला जातो. धूर न काढता तंबाखू चघळणारे, गालात धरणारे, हिरड्यांना लावणारे जवळपास २० कोटी प्रौढ या देशात आहेत, असं २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. त्याच पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे शंभरात चारच्या आसपास निघाले, आणि धूर न काढता तंबाखू खाणारे चोवीस. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, आणि सगळीकडे तुमची पुडी.

'आम्हाला काय माहीत' असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. १९५५ साली मुंबईतल्या संघवी, राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, तंबाखू ओढणं आणि खाणं यांचा तोंड-घशाच्या कॅन्सरशी संबंध दाखवणारा अभ्यास छापला. त्यानंतर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या पथकांनी केरळ, आंध्र, गुजरातच्या खेड्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली, वर्षानुवर्षं परत जाऊन पुन्हा तपासली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं तंबाखूचा विडा कॅन्सर करतो हे १९८५ मध्ये सांगितलं, आणि २००४ मध्ये छापलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही त्याच पहिल्या वर्गात बसवलं. तुमच्या धंद्याची खरी भरभराट यातल्या बऱ्याच गोष्टी छापून झाल्यावरची आहे. पुडी घराघरात पोचली तेव्हा तिच्यात काय आहे हे वाचायला मिळत होतं. तुम्ही वाचलं नसेल तर तो तुमचा निष्काळजीपणा, आणि वाचलं असेल तर त्याला मराठीत काय म्हणतात ते मी छापील पत्रात लिहीत नाही.

पुडीत काय आहे ते मी सांगतो, कारण गिऱ्हाइकाला ते कुणी सांगत नाही. सुपारी, कात, चुना, वास, गोडवा, आणि शेजारच्या पुडीतून तंबाखू. चुना घालतात तो चवीपुरता नाही. चुन्यानं तोंडातलं मिश्रण अल्कधर्मी होतं आणि निकोटिन गालाच्या अस्तरातून झपाट्यानं रक्तात उतरतं, म्हणून तलफ लवकर भागते आणि लवकर परत येते. तंबाखू साठवताना, मुरवताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्यं तयार होतात, आणि कॅन्सरची सुरुवात करण्याचं काम ती करतात. सुपारीचे खरखरीत कण गालाला घासत राहतात. हे सगळं दिवसातून दहा-पंधरा वेळा, गालाच्या त्याच खळग्यात, त्याच बाजूला. मला डावा गाल बघून सांगता येतं की हा गडी बार डाव्या बाजूला भरतो. कॅन्सरही बहुधा तिथेच उठतो, जिथे बार भरला जातो. यात नशिबाला जागा कुठे आहे?

आणि केशर. तुमच्या जाहिरातीत केशराचे धागे हळूहळू खाली पडतात. केशराचा किलोचा भाव लाखांत आहे. पाच रुपयांच्या पुडीत छपाई, कागद, वाहतूक, टपरीवाल्याचं कमिशन, कर आणि तुमचा नफा वजा करून केशराला किती पैसे उरतात, हा हिशेब चौथीतलं पोर करील. पण चौथीतलं पोर हिशेब करत नाही, ते जाहिरात बघतं. क्रिकेटच्या मधे लागणारी ती वेलचीची, केशराची जाहिरात वेलची विकायला नसते, तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यात झळकणाऱ्यांनाही. एप्रिल २०२२ मध्ये एका मोठ्या नटानं लोकांच्या संतापानंतर जाहीर माफी मागितली आणि अशा जाहिरातीतून अंग काढून घेतलं. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा आडवळणाच्या जाहिरातींवर बंदी घालणारे नियम काढले. माफी मागायला एक नट पुढे आला. पुडीच्या मालकांपैकी माफी मागितलेला एकही मी पाहिलेला नाही.

कायद्याशी तुम्ही जे खेळलात ते मला सगळ्यात जास्त झोंबतं. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी सांगितलं की कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटिन घालायचं नाही. गुटखा खाद्यपदार्थ ठरतो, म्हणून एप्रिल २०१२ मध्ये मध्य प्रदेशानं आणि जुलैत महाराष्ट्रानं बंदी घातली. महाराष्ट्रानं पानमसाल्यालाही बंदी घातली आणि दर वर्षी ती वाढवली. यावर तुम्ही काय केलंत? गुटखा फाडून दोन पुड्या केल्यात. एकीत मसाला, दुसरीत तंबाखू. आता हा खाद्यपदार्थ, तो वेगळा माल, दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही. टपरीसमोर कधी उभे राहिलाय? पोरगा मोठी पुडी दातानं फाडतो, तिच्यातच छोटी पुडी ओततो, चिमटीत धरून दोन-तीनदा हलवतो आणि डोकं मागे टाकून सगळं गालात सारतो. तुमच्या वकिलांना न्यायालयात न दिसलेला संबंध तिथे कुणालाही दिसतो. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये या जोडपुड्यांची दखल घेऊन बंदी नीट पाळा असं राज्यांना बजावलं. तरी शेजारच्या राज्यांतून रात्रीचे ट्रक येतात, कधी पकडले जातात, पोत्यांचे फोटो छापून येतात, आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर माळा पुन्हा तशाच लटकलेल्या. फरक इतकाच पडतो की पुडी दोन रुपयांनी महाग होते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक पोरांनी पहिली पुडी शाळेत असताना फोडलेली आहे. ती कुठून आणली, हे त्यांना विचारावं लागत नाही.

आता तुमचा आवडता बचाव: 'आम्ही कुणाच्या तोंडात कोंबत नाही, ज्याची त्याची मर्जी.' चौदा वर्षांच्या मुलाची मर्जी, निकोटिनची सवय लागल्यानंतरची मर्जी. रोज सकाळी 'आजपासून बंद' म्हणणारी आणि दुपारी परत टपरीवर दिसणारी माणसं मी खूप बघितली आहेत. ती दुबळी नाहीत. उन्हात दहा तास ऊस तोडणारी, गवंडीकाम करणारी, रात्रभर ट्रक चालवणारी माणसं आहेत. भूक मारायला, झोप उडवायला ती पुडी धरतात, आणि मग पुडी त्यांना धरते. दुसरा बचाव सुपारीच्या बागाईतदाराचा आणि कामगाराच्या पोटाचा. श्रीवर्धनच्या बागेत सुपारी काढणाऱ्याला दुसरं पीक, दुसरा आधार मिळवून देणं हे सरकारचं काम आहे आणि ते सरकारनं करावं. पण त्याच्या नावानं तुम्ही गळा काढू नका. त्याला किती पैसे पोचतात आणि तुमच्याकडे किती राहतात, हे तुमच्या ताळेबंदात लिहिलेलं आहे. तिसरा बचाव कराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूच्या आजारांनी आणि अकाली मृत्यूंनी देशाला १ लाख ७७ हजार कोटी रुपयांहून जास्त भुर्दंड पडला, देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्याहून जास्त. तुमचा कर त्यापुढे फार थिटा पडतो.

मिश्री तुमच्या कारखान्यात बनत नाही, हे मान्य. तव्यावर भाजलेली तंबाखू दातांना लावून ती तासभर तशीच ठेवणाऱ्या आयाबाया माझ्याकडे येतात, त्यांचं पाप तुमच्या माथी मारत नाही. तिथे आम्हालाच घरोघर बोलावं लागेल.

आणि हो, हे फक्त गरिबाचं दुखणं आहे असं समजून निश्चिंत राहू नका. २०१५ च्या फेब्रुवारीत आर. आर. पाटील गेले. राज्याचे गृहमंत्री, उपमुख्यमंत्री राहिलेला माणूस, वय ५७, तोंडाचा कॅन्सर. शरद पवारांचं ऑपरेशन २००४ साली झालं, ते वाचले, आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीची किती किंमत मोजावी लागली हे ते जाहीर व्यासपीठांवरून तरुणांना सांगत आले आहेत. एके काळी सिनेमा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर दिसणारा मुकेश आपल्या भुसावळचा. चोवीस वर्षांचा असताना गेला. त्याची जाहिरात लागली की लोक पॉपकॉर्न आणायला उठायचे. तुमच्या जाहिरातीला उठत नाहीत, कारण तिच्यावर तुम्ही जास्त खर्च करता.

कधी परळला जाऊन या. टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर गावाकडून आलेली कुटुंबं पथारी पसरून तारखेची वाट बघत असतात. ज्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली ते नशीबवान, नशीब हा शब्द इथे मला चालेल. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन म्हणजे बऱ्याचदा गाल, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढायच्या. छातीचं नाहीतर मांडीचं कातडं आणून गाल बुजवायचा, पायाचं हाड घेऊन जबडा रचायचा. मग रेडिएशन. त्या दिवसांत नाकातल्या नळीतून पातळ अन्न जातं. बायको मिक्सरमध्ये वरणभात वाटते, गाळते, मोठ्या सिरिंजमध्ये भरते आणि हळूहळू सोडते, दर दोन-तीन तासांनी. नवऱ्याला चव लागत नाही, तरी ती त्यात मीठ बरोबर घालते. बोलताना शब्द फुटत नाहीत म्हणून तो पाटीवर लिहितो. अशा रुग्णांतले कित्येक जण बरे होतात, कामावर परततात, आमच्या शल्यचिकित्सकांचं ते फार मोठं कसब आहे. पण ज्यांना यायला उशीर झालेला असतो त्यांच्या हातात फारसं काही उरत नाही, आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त रुग्ण उशिराच येतात.

याचीच मला जास्त चीड आहे. तोंड हा शरीराच्या आत लपलेला अवयव नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर बघायला यंत्रं लागतात, तोंडाचा बघायला टॉर्च पुरतो. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात डॉक्टर नसलेल्या, फक्त प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी दर तीन वर्षांनी घरी जाऊन लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी बघितली. जवळपास दोन लाख माणसं त्या अभ्यासात होती. २००५ साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष छापून आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले. टॉर्च, दोन बोटं आणि बघायला शिकलेले डोळे, इतक्यावर. आणि देशभर काय चित्र आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात एकदा तरी तोंडाची कॅन्सरसाठी तपासणी झालेली माणसं शंभरात एकाच्या आसपास निघाली. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं तोंड उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात बघायचं असं सरकारनं कागदावर ठरवलेलं आहे. आशाताईंच्या हातात आधीच चाळीस कामं आहेत, त्यांना टॉर्च आणि मोबदला दोन्ही वेळेवर द्या, हे सरकारला माझं वेगळं सांगणं आहे. तुम्ही मात्र यावर खूश होऊ नका. तपासणी झाली नाही म्हणून तुमचा गुन्हा कमी होत नाही.

सोडता येतं, हेही सिद्ध झालेलं आहे. १९८६ साली लॅन्सेटमध्ये छापलेल्या अभ्यासात ३६ हजार भारतीय खेडुतांना तंबाखू सोडायला सांगितलं, पुनःपुन्हा जाऊन समजावलं. ज्यांना असं समजावलं त्यांच्यात सोडणारे वाढले आणि तोंडातले पांढरे चट्टे नव्यानं उठायचं प्रमाण घटलं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेची आणि 'मुक्तिपथ' मोहिमेची माणसं आज गावोगाव हेच काम करतात, बायका गावसभेत ठराव करून खर्रा विकणं बंद पाडतात. त्यांच्याकडे तुमच्यासारखा जाहिरातीचा पैसा नाही.

तुमच्याकडून माझी मागणी फार मोठी नाही. जोडपुड्या बंद करा. वेलचीच्या आडून तंबाखू विकणं बंद करा. बंदी असलेल्या राज्यात तुमचा माल सापडला तर 'तो आमचा नाही, डुप्लिकेट आहे' म्हणणं बंद करा आणि कारखान्यातून निघालेली प्रत्येक खेप कुठे गेली ते जाहीर करा. तुम्ही हे आपण होऊन कराल अशी माझी अपेक्षा नाही, म्हणून हे पत्र खुलं लिहिलंय. ज्या अधिकाऱ्यांनी, आमदारांनी हे करून घ्यायचं आहे त्यांनीही ते वाचावं.

आणि तुम्ही, जे हे पत्र वाचता आहात आणि ज्यांच्या खिशात या क्षणी पुडी आहे: आज रात्री आरशासमोर उभे राहा, चूळ भरा आणि तोंड उघडा. तीन बोटं उभी जातात का बघा. गाल ओढून आत बघा, जीभ वर-खाली-बाजूला करून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, जीभ जड होणं, यातलं काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ते बहुधा दुखतच नाही. जवळच्या दातांच्या डॉक्टरकडे जा, सरकारी दवाखान्यात जा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, तो तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. पुडी फेकण्याआधी तो लिहून घ्या.

— तालुक्याच्या गावचा एक दातांचा डॉक्टर